घंटेच्या आवाजाएवढं गाव : बालांगिगा

दर्यावर्दी

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. लांबण लागणार आहे.

डिसेंबर २०१८. आमचं जहाज पारादीपबाहेर नांगर टाकून पडलं होतं, धक्का मिळायची वाट बघत. अधिकारी बहुतेक आपले, खलाशी बहुतेक फिलिपिनो. बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) सामार बेटावरचा, पन्नाशीचा, बोलणं मोजूनमापून. चहाच्या वेळी मेसमध्ये गेलो तर हा गडी फोन कानाला लावून बसलेला. बोलत नव्हता, नुसता ऐकत होता. मेसमनने चेष्टा केली, "बायको ओरडतेय वाटतं." बोसनने काही न बोलता फोन माझ्या हातात दिला. पलीकडे चर्चच्या घंटा वाजत होत्या आणि माणसांचा कालवा चालला होता. "सेकंड, आमच्या गावच्या आहेत," तो म्हणाला (मी सेकंड ऑफिसर). "११७ वर्षांनी घरी आल्या."

त्याचं गाव बालांगिगा. पुढे सहा महिने आम्ही बरोबर होतो. रात्रीच्या पाळीनंतर तो सांगायचा, मी ऐकायचो, आणि घरी आल्यावर मिळेल ते वाचत गेलो. त्यातलं हे.

बालांगिगा सामारच्या दक्षिण किनाऱ्यावर, एका नदीच्या मुखाशी आहे. समोर लेय्तेचं आखात. प्रांत पूर्व सामार, भाषा वाराय. कारभाराच्या भाषेत ती म्युनिसिपॅलिटी, पण आपली नगरपालिका डोळ्यांसमोर आणू नका. एक मुख्य गाव, किनाऱ्याने पसरलेल्या वाड्या, मधली माडांची बनं आणि मागचा डोंगर, हे सगळं मिळून एक म्युनिसिपॅलिटी. तिचे तुकडे म्हणजे बारांगाय. इथे ते १३ आहेत, त्यातले ६ तर मुख्य गावातच. लोकसंख्या १४ हजारांच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या ग्रामपंचायतीएवढी वस्ती, पण थाट तालुक्याचा.

बारांगाय हा शब्द होडीवरून आला. बालांगाय म्हणजे फळ्या एकमेकींना जोडून बांधलेली मोठी होडी. एका होडीतून आलेलं गणगोत ती एक वस्ती, तिचा प्रमुख दातू. स्पॅनिश येण्याआधी सामारमध्ये आपल्याला कळेल असं 'गाव' जवळजवळ नव्हतंच. नदीच्या काठाने पाच-दहा घरं, पुढच्या वळणावर आणखी चार. डोंगरउतारावर रान भाजून करायची शेती, कोकणात जिला दळी म्हणतात तशी. जमीन दमली की माणसं पुढे सरकायची. घर बांबूचं आणि झावळ्यांचं, मोडायला वेळ लागत नाही.

मार्च १५२१ मध्ये मॅगेलनला या भागात पहिलं दर्शन सामारचंच झालं. तो उतरला ते होमोनहोन बेट आज जवळच्या गिवान म्युनिसिपॅलिटीत येतं. पण स्पॅनिश सत्ता इथे रुजली ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस, जेझुइट पाद्री आल्यावर. त्यांची पहिली अडचण म्हणजे माणसं हाताला लागत नव्हती. बाप्तिस्मा द्यायचा तर माणूस एका जागी हवा, कर घ्यायचा तरीही हवा. म्हणून लोकांना खाली किनाऱ्यावर आणून वसवायचं धोरण आलं, 'रेदुक्सियोन'. मधे चौक, एका बाजूला चर्च, त्याला लागून पाद्र्याचं घर, समोर कचेरी, भोवती घरं. आणि गावाची हद्द कशी ठरायची, तर घंटेवरून. 'बाहो दे ला काम्पाना', म्हणजे घंटेखाली. घंटा ऐकू येते तिथवर राहणारा तो ख्रिस्ती, रयत, कर भरणारा, सरकारी कामावर वर्षाला ४० दिवस फुकट राबणारा. त्यापलीकडे गेला तो 'रेमोंतादो', डोंगरात पळालेला.

आपल्याकडे गावाला शीव असते, दगड पुरलेला असतो, शिवेवर मारुती असतो. तिथे शीव कानाने मोजायची. मला हे फार विलक्षण वाटलं.

लोक घंटेखाली राहिले त्याला भीतीचंही कारण होतं. दक्षिणेकडून मोरो लोकांच्या (दक्षिण फिलिपिन्सचे मुसलमान) होड्या यायच्या, माणसं पकडून गुलाम म्हणून न्यायच्या. होड्या दिसल्या की घंटा बडवायची. तरीही घर किनाऱ्यावर आणि शेत डोंगरात, अशी दुहेरी वस्ती बऱ्याच कुटुंबांनी चालूच ठेवली. सण-उत्सवाला खाली यायचं, एरवी वर. पाद्री कुरकुर करायचे. १७६८ मध्ये जेझुइटांना फिलिपिन्समधून हाकललं, मग ऑगस्टिनियन आले, पुढे फ्रान्सिस्कन. बालांगिगा आधी गिवानच्या चर्चचं उपकेंद्र होतं, एकोणिसाव्या शतकात त्याला स्वतःचं चर्च मिळालं, संत लॉरेन्सचं.

कारभार मात्र स्पॅनिशांनी जुन्याच माणसांकडून करून घेतला. दातूचा झाला 'काबेसा दे बारांगाय', कर गोळा करणारा. त्यांच्यातून एक 'गोबेर्नादोरसिल्यो', शब्दशः छोटा गव्हर्नर, म्हणजे आपला पाटील समजा, आणि कुलकर्ण्याचं बरंचसं काम पाद्री बघायचा. १८९३ च्या कायद्याने नाव बदलून 'कापितान मुनिसिपाल' झालं. अमेरिकन आले, 'प्रेसिदेंते' झालं. आज 'मेयर'. पाट्या बदलल्या, घराणी बरीचशी तीच. १८४९ मध्ये गव्हर्नर क्लाव्हेरियाने आडनावांची यादी काढून गावोगाव वाटली, त्यामुळे काही गावांत सगळ्यांची आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात. आल्बाय प्रांतातलं ओआस हे 'र'चं गाव म्हणून प्रसिद्ध आहे. बालांगिगाच्या गोष्टीतले दोन मुख्य पुरुष आबानादोर आणि आबायान आहेत, यावरून काय ते ओळखा.

बोटं दुखली. १९०१ चं उद्या लिहितो.

शंकासुर

अहो, घंटा चोरीला गेल्या की कुणी नेल्या ते न सांगताच झोपायला गेलात? पॉपकॉर्न आणून ठेवलेत.

दूधसागर

छान लिहिताय. गोव्यातून एक भर घालतो. आमच्याकडे पोर्तुगीज आले तेव्हा गांवकारी आधीच भक्कम होती. गावाची जमीन सामाईक, गांवकारांची बैठक, हिशेब लिहिणारा कुळकर्णी, सगळं जागच्या जागी. म्हणून १५२६ मध्ये त्यांनी चालत आलेले रीतिरिवाज कागदावर उतरवून 'फोराल' काढला आणि महसूल आपल्याकडे वळवला. देवळं पाडली, पण गाव नव्याने वसवावं लागलं नाही. तुमच्या सामारला जमिनीची मालकी हा प्रश्नच नव्हता, जमीन पडलेली होती, माणूस दुर्मिळ. म्हणून तिथे माणसं गोळा करणं हीच सत्ता. दोन्हीकडे क्रूस तोच, पण इथे तो खातेवही घेऊन आला आणि तिथे घंटा घेऊन.

दर्यावर्दी

दूधसागर, क्या बात. हे मला सुचलं नव्हतं.

आता पुढचं. डिसेंबर १८९८ मध्ये पॅरिसच्या तहात स्पेनने २ कोटी डॉलर घेऊन फिलिपिन्स अमेरिकेला देऊन टाकलं. आगिनाल्दोचं फिलिपिनो सरकार आधीच उभं होतं, त्याला कुणी विचारलं नाही. फेब्रुवारी १८९९ मध्ये युद्ध पेटलं. आगिनाल्दोने सामारवर विसेंते लुकबान नावाचा सेनापती पाठवला होता. त्याने डोंगर धरला. सामार तेव्हा अंबाडीसारख्या एका धाग्यावर जगत होतं, आबाका, ज्याचे दोर जगभरच्या जहाजांवर चालायचे (आमच्या धंद्यात त्याला मनिला रोप म्हणतात). आबाका बाहेर जायचा, तांदूळ आत यायचा. अमेरिकनांनी बंदरं बंद करायला घेतली, म्हणजे लुकबानचा पैसा तुटेल. पैसा तुटला की नाही ते सोडा, तांदूळ तुटला.

११ ऑगस्ट १९०१ ला नवव्या पायदळाची सी कंपनी बालांगिगात उतरली. ७४ माणसं, कॅप्टन थॉमस कॉनेल. वर्षभरापूर्वी हीच पलटण चीनमध्ये बॉक्सर बंडाशी लढत होती. प्रेसिदेंते पेद्रो आबायानने स्वागत केलं. कॉनेलला ठाऊक नव्हतं की याच आबायानने मे महिन्यात लुकबानला पत्र धाडलं होतं. आशय असा: शत्रूशी वरवर गोडीने वागू, तो म्हणेल ते करू, आणि संधी साधून उठू.

सैनिक कचेरीत राहिले, अधिकारी पाद्र्याच्या घरात. म्हणजे गावाच्या दोन्ही सत्तास्थानांवर परके. दीडेक महिना बरा गेला, एकत्र खेळ वगैरे चालायचे. मग कॉनेलने स्वच्छता मोहीम काढली. घरांखालचा केरकचरा, भाजीपाला, झाडोरा सगळं साफ करा. त्या 'झाडोऱ्यात' लोकांचं खाणं होतं. माडी विकणाऱ्या एका मुलीची दारू प्यायलेल्या सैनिकांनी छेड काढली, तिच्या भावांनी त्यांना बदडलं. कॉनेलने गावातले पुरुष धरून आणले, १६ जणांच्या गोल तंबूंत कितीतरी पट कोंबले, रात्रभर उपाशी ठेवले, दिवसा कामाला जुंपलं. कोयते जप्त झाले, साठवलेला तांदूळ नष्ट केला. पावसाळ्याच्या तोंडावर तांदूळ नष्ट करणं म्हणजे काय, हे मला बोसनला विचारावं लागलं नाही.

२८ सप्टेंबर १९०१, शनिवार. आदल्या टपालाने राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लीच्या खुनाची बातमी आली होती. सकाळी साडेसहाच्या सुमारास सैनिक न्याहारीला बसले, बंदुका लांब. गावचा पोलीसप्रमुख वालेरियानो आबानादोर पहाऱ्यावरच्या शिपायाजवळून जाता जाता वळला, त्याची बंदूक हिसकावली, दस्ता डोक्यात घातला आणि आरोळी दिली. चर्चची घंटा वाजली. चर्चमध्ये दडलेले, कामावर जुंपलेले, सगळे कोयते घेऊन तुटून पडले. कासियाना नासियोनालेस ही एकच बाई या कटात नावाने ओळखली जाते. ७४ पैकी ४८ सैनिक मेले, २२ जखमी, धड राहिले फक्त ४. कॉनेलही गेला. वाचलेले होड्यांतून किनाऱ्याकिनाऱ्याने बासेयकडे पळाले. गावकऱ्यांचे २८ गेले असं धरतात.

ज्या घंटेने गाव गोळा केलं होतं तिनेच त्या दिवशी गाव उठवलं. मला या सगळ्यात हेच दिसत राहतं.

तात्या_वाईकर

लेख उत्तम, पण एक शंका. जेवायला बसलेल्या निःशस्त्र माणसांना कापणं याला आपल्यात काय म्हणतात? तोंडावर गोड बोलून दगा. त्याला स्वातंत्र्यलढा म्हणून हार घालायचे का? अमेरिकन त्याला कत्तल म्हणतात ते अगदीच चूक वाटत नाही.

अनुस्वार

तात्या, वाईला राहून हे विचारताय? मागे प्रतापगड दिसतो हो. :)

चेष्टा सोडा. नावाचा वाद तिथेही आहे. अमेरिकन पुस्तकांत बराच काळ 'बालांगिगा मॅसकर' म्हणजे ४८ सैनिकांची कत्तल, तेवढंच. फिलिपिन्समध्ये 'एन्काउंटर' म्हणतात, म्हणजे चकमक, आणि १९८९ मध्ये कायदा करून २८ सप्टेंबरला पूर्व सामार प्रांतात त्या नावाने सुट्टी दिली. आपल्याकडे १८५७ ला कुणी बंड म्हणालं, कुणी समर. ज्याच्या हातात शाळेचं पुस्तक, त्याच्या हातात नाव. मी २२ वर्षं इतिहास शिकवते, तेव्हा एवढं छातीठोक सांगू शकते.

आणि पुढचं दर्यावर्दींनी लिहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी अमेरिकन तुकडी परत आली, गाव जाळलं. मग जनरल जेकब स्मिथ. त्याने मेजर वॉलरला सांगितलं की मला कैदी नकोत, मारा आणि जाळा, जितकं माराल जितकं जाळाल तितका मी खूश. किती वयाच्या वरचे, असं वॉलरने विचारलं. उत्तर, दहा. सामारचा आतला भाग 'भयाण ओसाड रान' करून टाका म्हणाला. हे शब्द कोर्टात पुराव्यात आले, कारण खटले चालले. वॉलरवर बासेयला ११ फिलिपिनो हमालांना विनाचौकशी गोळ्या घातल्याचा खटला. तो सुटला. स्मिथ दोषी ठरला, शिक्षा काय, तर समज. १९०२ मध्ये रूझवेल्टने त्याला सक्तीने निवृत्त केलं. मे १९०२ मध्ये न्यूयॉर्क जर्नलने पहिल्या पानावर व्यंगचित्र छापलं, डोळे बांधलेली पोरं आणि समोर बंदुकांची रांग.

सामारवर किती मेले यावर भांडण आहे. ५० हजार हा आकडा सर्रास फिरतो, कागदपत्रं खणणारे अभ्यासक दोन-अडीच हजारांच्या आसपास थांबतात. वर्गात मी मोठा आकडा सांगत नाही. दहा वर्षांच्या वरचे सगळे, असा हुकूम निघाला, तेवढं पुरे आहे.

ती स्वच्छता मोहीम वाचताना मला मात्र १८९७ चं पुणं आठवलं. रँडचे गोरे सोजीर घरात शिरून ट्रंका उपसतायत. प्लेग खरा होता, कचराही खरा असेल. पण साफसफाई बंदूक घेऊन आली की तिचा अर्थ बदलतो.

तात्या_वाईकर

प्रतापगडावर अफझलखान सशस्त्र होता आणि पहिला वार त्याचा. पण ठीक आहे, मुद्दा पोचला. दहा वर्षांचं माहीत नव्हतं.

शंकासुर

माझ्या घंटा???

दर्यावर्दी

आल्या, आल्या.

जळक्या गावातून तीन घंटा उचलल्या. दोन मोठ्या अकराव्या पायदळाने १९०४ मध्ये थेट वायोमिंगला नेल्या, शायेनजवळच्या लष्करी तळावर. ओसाड माळ, समुद्र हजार मैलांवर, आणि तिथे ध्वजस्तंभाजवळ सामारच्या किनाऱ्यावरच्या दोन घंटा. तिसरी लहान, ती नवव्या पायदळाकडे राहिली. पलटण जिथे जाईल तिथे तीही. शेवटी दक्षिण कोरियातल्या छावणीच्या संग्रहालयात. धोक्याचा इशारा देणारी ती हीच, असं म्हणतात.

गावाने मधल्या काळात काय केलं? पुन्हा घरं बांधली. एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. जानेवारी १९०१ मध्येच अमेरिकनांनी नगरपालिकांचा कायदा केला होता. निवडून दिलेला प्रेसिदेंते, निवडून दिलेली सभा. पण मत कुणाला, तर २३ वर्षांवरच्या पुरुषांना, आणि तेही ज्यांनी स्पॅनिश काळात पद भोगलंय, किंवा ५०० पेसोंची मालमत्ता आहे, किंवा स्पॅनिश नाहीतर इंग्रजी लिहितावाचता येतं. वाराय येणाऱ्याला मत नाही! म्हणजे लोकशाही आली ती काबेसांच्या ओसरीवरच उतरली.

आणि डोंगरातले? ते पुन्हा उठले. १९०४ पासून दोनतीन वर्षं सामार पुलाहानांनी पेटवलं. लाल कपडे, गळ्यात ताईत, गोळी लागणार नाही ही श्रद्धा. त्यांचा राग फक्त अमेरिकनांवर नव्हता. डोंगरात आबाका पिकवणाऱ्याला किनाऱ्यावरचा व्यापारी मातीमोल भाव द्यायचा, आणि तोच व्यापारी गावचा पुढारी. त्यांनी किनाऱ्यावरची गावं जाळली. घंटेखालचे आणि घंटेपलीकडचे, ही फट तीनशे वर्षं बुजली नव्हती. बालांगिगाची गोष्ट सांगताना 'फिलिपिनो विरुद्ध अमेरिकन' एवढंच सांगतात, तेव्हा ही बाजू गळून पडते.

पुढचं भराभर. १९६५ मध्ये सामारचे तीन प्रांत केले, बालांगिगा पूर्व सामारात गेलं, मुख्यालय बोरोंगान. आधी बालांगिगाचा भाग असलेलं लावआन वेगळी म्युनिसिपॅलिटी झालं. १९७३ मध्ये सान हुआनिको पूल झाला आणि सामार लेय्तेला, म्हणजे ताक्लोबानच्या बाजाराला, रस्त्याने जोडलं गेलं. बोसन म्हणायचा की त्याच्या वडिलांच्या पिढीचं खरं स्वातंत्र्य पुलाचं.

घंटांची मागणी रामोस राष्ट्राध्यक्ष असताना, नव्वदच्या दशकात जोरात सुरू झाली. एक तुम्ही ठेवा, एक आम्हाला द्या, दोन्हीच्या नकला करू, इथवर तडजोड आली होती. वायोमिंगच्या माजी सैनिकांनी हाणून पाडली. त्यांच्या लेखी ते ४८ जणांचं स्मारक. अमेरिकन संसदेने तर अशा स्मारकवस्तू परदेशी द्यायला कायद्यानेच बंदी घातली. २०१३ मध्ये हैयान वादळ आलं, त्याचा पहिला तडाखा गिवानला, बालांगिगाही झोडपलं गेलं. जुलै २०१७ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेने संसदेत भर भाषणात म्हटलं, त्या घंटा आमच्या आहेत, परत द्या. २०१८ च्या संरक्षण कायद्यात वाट काढली गेली, ११ डिसेंबर २०१८ ला तिन्ही घंटा लष्करी विमानाने मनिलात उतरल्या, १५ तारखेला गावात, आणि १६ ला पहाटे नाताळच्या आधीच्या नऊ प्रार्थनांपैकी पहिलीला वाजल्या. बोसनच्या फोनवर मी ऐकलं ते त्याच दिवसांतलं.

गावात पोचायच्या आधीच नवं भांडण. एका सिनेटरने ठराव आणला की तिन्हींपैकी एक मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवा, ती साऱ्या राष्ट्राची आहे. चर्चने साफ नकार दिला. घंटा ही पवित्र वस्तू, तिची जागा घंटाघरात. बोसन यावर चिडून बोलला होता: "अमेरिकेतून परत आणायला शंभर वर्षं लागली. मनिलातून आणायला किती लागतील?"

गिरिज_वसई

धागा दोनदा वाचला. प्रतिसाद द्यायचा की नाही ते चार दिवस ठरत नव्हतं.

मी वसईचा ख्रिस्ती. घरी सामवेदी बोलतो, शाळा मराठी. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तहाने पोर्तुगीज सैन्याला हत्यारांसह बाहेर पडू दिलं. आणि चर्चच्या घंटा हत्तींवरून, गाड्यांवरून देशावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, मेणवलीच्या घाटावर. दरवर्षी शाळेच्या सहलीत मास्तर अभिमानाने दाखवायचे, 'ही बघा वसईच्या विजयाची खूण'. मीही टाळ्या वाजवायचो. घरी आल्यावर आजी विचारायची, "कशी होती रे आपली घंटा?"

मला कुणाशी भांडायचं नाही. पोर्तुगीजांनी इथल्या हिंदूंवर काय केलं तेही मला ठाऊक आहे, देवळं पाडली, बाप्तिस्मे लादले. आमचे पूर्वजही त्यातलेच. माझं आडनाव पोर्तुगीज आहे ते बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेलं, तुमच्या क्लाव्हेरियासारखंच. फक्त बोसनने फोन कानाला लावला होता, ते वाचून आजी आठवली.

तात्या_वाईकर

आता ह्यात फरक आहे साहेब. बालांगिगात अमेरिकन परके, घंटा गावकऱ्यांची. वसईत परके पोर्तुगीज, घंटा त्यांची. शिवाय आपण त्या छावणीत ठेवल्या नाहीत, देवळात टांगल्या. वाजतात त्या.

दूधसागर

फरक आहे, मान्य. पण घंटा 'पोर्तुगिजांची' होती की त्या चर्चमध्ये जाणाऱ्या गिरिजच्या, सांडोरच्या शेतकऱ्याची होती, हा प्रश्न उरतोच. अमेरिकनांचंही म्हणणं हेच होतं की घंटा बंडखोरांनी वापरली, म्हणून युद्धातली लूट.

शंकासुर

म्हणजे आता नारोशंकराची घंटा परत करायची? नाशिककर तुम्हाला गोदावरीत बुडवतील.

अनुस्वार

परत करा असं कुणी म्हणालंय का? गिरिज यांनी फक्त आजीची आठवण सांगितली. सगळ्या गोष्टींचा निकाल एका धाग्यात लावायलाच हवा असं नाही.

शंकासुर

बरं बाई. मग दर्यावर्दी, आजचं राजकारण सांगा. तिकडेही आमदारकीचा भाचा-पुतण्या प्रकार आहे का?

दर्यावर्दी

आहेच. १९८७ च्या घटनेत राजकीय घराणेशाहीला बंदी घातलीय, 'कायद्याने व्याख्या केली जाईल त्याप्रमाणे'. ती व्याख्या करणारा सर्वसाधारण कायदा संसदेने आजवर केलाच नाही. कोण करणार? बसलेत तेच.

१९९१ च्या स्थानिक कारभाराच्या कायद्याने म्युनिसिपॅलिटीला मेयर, उपमेयर, ८ निवडून दिलेले सभासद. मुदत ३ वर्षं, सलग तीन वेळा पुरे. मग मेयर थांबतो आणि बायको उभी राहते. खाली बारांगायला एक कॅप्टन आणि ७ सभासद. रस्त्यावरचा दिवा, शेजाऱ्यांचं भांडण, कोंबडीचोरी, सगळं आधी त्याच्याकडे. कोर्टात जायच्या आधी बारांगायची समजुतीची बैठक व्हावीच लागते, बऱ्याच दाव्यांना हे बंधन आहे. होडीचा नायक आता दिवाबत्ती बघतो, म्हणा.

बोसनचा थोरला भाऊ दोनदा बारांगायला उभा राहिला, दोनदा पडला. कारण विचारलं तर म्हणाला, "आमचं घर वरच्या अंगाला. मतदान खालच्या अंगाचं." म्हणजे ते वर-खाली अजून आहे.

तात्या_वाईकर

रविवारी मेणवलीला जाऊन आलो. वाईपासून काय, हाकेच्या अंतरावर. लहानपणापासून शंभर वेळा बघितलेली घंटा, पण ह्यावेळी जवळ जाऊन वाचली. १७०७ असं साल आहे. आणि अंगावर एक बाई, कडेवर पोर. आम्ही पोरं तिला देवीच समजायचो, माझी आई येता-जाता हात जोडायची. मेरी आहे हे मला कॉलेजात कळलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग काय झालं, लेकुरवाळीच आहे ना."

वाजवायचं धाडस झालं नाही. बोटातल्या अंगठीने हळूच टकटक केलं. एवढ्याने सुद्धा बराच वेळ घुमत राहिली. घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी वर बघितलं.

गिरिज_वसई

तात्या, आवाज रेकॉर्ड केलात का? आजी राहिली नाही, पण आई आहे.

तात्या_वाईकर

केलाय. व्यक्तिगत निरोपातून पाठवला आहे, बघा.